घातक कचऱ्याचा मॅनिफेस्ट: छोट्या युनिटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका छोट्या प्लेटिंग युनिटमध्ये कागदपत्रं बघतो. कन्सेंट (युनिट चालवायची प्रदूषण मंडळाची परवानगी), ईटीपीचं म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं रजिस्टर, कचऱ्याच्या गाड्या, सगळं एकाच टेबलावर. आजूबाजूच्या गाळ्यांतले लोक, पावडर कोटिंगवाले, सीएनसीवाले, प्रिंटिंगवाले, चहाच्या वेळेला येऊन तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. खाली जिथे जिथे 'नियम' म्हटलंय तिथे ४ एप्रिल २०१६ ला निघालेले घातक व इतर कचऱ्याचे केंद्राचे नियम समजा, आणि 'बोर्ड' म्हणजे आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ. दाखले सगळे महाराष्ट्रातले.

मॅनिफेस्ट म्हणजे नक्की काय हो? माल देताना चलन करतो की आम्ही, ते चालत नाही का?

नाही चालत. चलन बनतं ते पैशाच्या आणि टॅक्सच्या हिशोबासाठी. मॅनिफेस्टवर कचरा कोणाच्या गेटमधून निघाला, कोणाच्या गाडीत चढला आणि ज्याच्याकडे जायचा होता त्याने तो खरंच उतरवून घेतला का, हे तिघांच्या सह्यांनिशी एकाच कागदावर येतं: पाठवणारा, ट्रान्सपोर्टर, घेणारा. नियमांत याला फॉर्म १० म्हणतात. जीएसटीचं चलन किंवा ई-वे बिल जिथे लागतं तिथे तेही करा, पण बोर्डाचा फील्ड ऑफिसर आला आणि त्याच्यापुढे ई-वे बिल ठेवलं तर तो ते बाजूला सारून मॅनिफेस्टच मागणार.

जुन्या लोकांकडे अजून 'फॉर्म १३' छापलेली पॅडं पडून असतात. तो २००८ च्या नियमांतला नंबर, तेव्हा कॉप्या सहा होत्या, आता सात आहेत. ती पॅडं रद्दीत घाला.

आमचं युनिट एवढंसं, महिन्याला दोन-तीन कॅन तेल निघतं. गूगलवर वाचलं की महिन्याला १०० किलोच्या खाली असेल तर मॅनिफेस्टची सूट आहे, मग आम्हाला कशाला?

तुम्ही जे वाचलं ते अमेरिकेचं आहे. तिकडे त्यांच्या ईपीएने कचरा करणाऱ्यांचे वजनावर तीन गट पाडलेत, महिन्याला १०० किलोपर्यंत एक, १०० ते १,००० मधला दुसरा आणि त्याच्यावरचा तिसरा, आणि सगळ्यात छोट्या गटाला केंद्राच्या नियमात मॅनिफेस्ट माफ आहे. आपल्याकडे अशी किलोवर सूट नाही. परिशिष्ट १ मध्ये तुमच्या प्रोसेसचा कचरा बसला की एक ड्रम असो की दहा टन, गेटच्या बाहेर जाताना मॅनिफेस्ट लागतोच.

छोट्याला आपल्याकडे सवलत आहे ती साठवणुकीच्या दिवसांत, ते खाली येतंय. इंटरनेटवर इंग्रजीत शोधलं की अमेरिकेचंच आधी येतं आणि माणूस खूश होऊन कॉम्प्युटर बंद करतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी '१०० किलो' म्हटलं की मला पुढचं वाक्य माहीत असतं.

कोणकोणता कचरा यात धरायचा?

नियमांच्या परिशिष्ट १ मध्ये प्रोसेसप्रमाणे नंबर दिलेत. छोट्या युनिटला साधारण हे लागतात: वापरलेलं तेल ५.१, तेल लागलेला गाळ-गदळ ५.२, प्लेटिंग, पिकलिंग वगैरे मेटल सरफेसचं सगळं १२ मध्ये (वापरून संपलेलं ॲसिड १२.२, फॉस्फेट स्लज म्हणजे गाळ १२.५), वापरलेले सॉल्व्हंट २० मध्ये, रंग-शाई-वॉर्निशचा गाळ २१.१, आणि ईटीपीचा केमिकल स्लज ३५.३.

आणि दोन गोष्टी ज्यांना कोणी कचरा समजतच नाही. केमिकलचे रिकामे ड्रम, कॅन, आतल्या लायनर पिशव्या हे ३३.१, आणि मशीन पुसून पुसून तेलकट झालेल्या चिंध्या, कॉटन वेस्ट, हे ३३.२. रिकामे ड्रम तर लोक सरळ भंगारात देतात, वर पैसे मिळतात म्हणून खूश. क्रोमिक ॲसिडचा ड्रम कोणीतरी धुऊन त्यात पाणी भरून ठेवतो पुढे, आणि उन्हाळ्यात टँकर येईना झाला की तेच पाणी वापरलं जातं, म्हणून तो नंबर त्या यादीत आहे.

नंबर मनाने टाकायचा नाही. तुमच्या कन्सेंटच्या शेवटच्या पानांवर घातक कचऱ्याचा तक्ता असतो, त्यात जो नंबर आणि जी वार्षिक मर्यादा दिली असेल तीच धरायची. तक्त्यात नसलेला कचरा तुमच्याकडे निघत असेल तर आधी कन्सेंट दुरुस्त करून घ्या, मॅनिफेस्टचं पुढे बघू.

ऑथोरायझेशन वेगळं घ्यावं लागतं का?

ऑथोरायझेशन म्हणजे घातक कचरा हाताळायची बोर्डाची परवानगी. महाराष्ट्रात कन्सेंट आणि ऑथोरायझेशन एकाच कागदावर मिळतं, त्यामुळे बहुतेकांकडे ते असतं पण त्यांना माहीत नसतं. जे उद्योग व्हाइट कॅटेगरीत आहेत, म्हणजे ज्यांना पाणी आणि हवेच्या कायद्याखाली कन्सेंटच लागत नाही, त्यांना १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने ऑथोरायझेशनमधून सूट दिलीय, पण अट एकच की कचरा ऑथोराइज्ड माणसालाच द्यायचा. ही अट लोक वाचत नाहीत, 'सूट' तेवढं वाचतात.

सात कॉप्या कशाला? आणि कुठली कोणाची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा नीट सांगतो. सातही कॉप्यांवर आधी पाठवणाऱ्याची सही, म्हणजे तुमची. मग त्या अशा फिरतात.

पांढरी तुम्ही बोर्डाला पाठवायची. पिवळीवर ट्रान्सपोर्टरची सही घेऊन ती तुमच्याकडे फायलीत. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गाडी पोचली, घेणाऱ्याने माल घेतला, की गुलाबी तो स्वतःकडे ठेवतो आणि उरलेल्या चारांवर सही करतो. त्यातली नारिंगी ट्रान्सपोर्टरला देतो, तो त्याचा माल पोचवल्याचा पुरावा. हिरवी घेणारा त्याच्या बोर्डाला पाठवतो. निळी परत तुमच्याकडे येते. करडी फक्त परराज्याचा मामला असेल तर लागते, ती घेणारा तुमच्या राज्याच्या बोर्डाला पाठवतो.

रंग पाठ नाही झाले तरी चालेल, पिवळी आणि निळी एवढ्या दोन लक्षात ठेवा कारण या दोनच तुमच्या फायलीत राहणार आहेत. पिवळीवरून दिसतं की माल तुम्ही सोडला. पोचला का, ते फक्त निळीवरून दिसतं. आमच्याकडे दोन्ही एकत्र स्टेपल करून ठेवतो आणि ज्या पिवळीला निळी लागलेली नाही ती फायलीच्या बाहेर टोक काढून ठेवतो, लांबूनच डोळ्यात सलते. साधी युक्ती आहे, पण कॉम्प्युटरच्या शीटपेक्षा जास्त उपयोगी पडलीय.

आता बोर्डाच्या पोर्टलवर सगळं ऑनलाइन आहे ना, मग कागद कशाला?

ऑनलाइन भरायचं ते भराच. पण रस्त्यात पोलिसाने किंवा आरटीओने गाडी अडवली तर ड्रायव्हरच्या हातात काहीतरी लागतं, आणि सही न झालेला मॅनिफेस्ट असेल तर ट्रान्सपोर्टरने माल उचलायचाच नाही असं नियमातच आहे. मी तरी प्रिंट काढून सह्या घेतो. पोर्टल ३१ मार्चच्या आसपास कसं चालतं हे ज्यांनी अनुभवलंय ते यावर वाद घालणार नाहीत.

फॉर्म भरताना नेमकं कुठे चुकतं?

पहिली चूक वजनात. कन्सेंटमध्ये तेल किलोलिटरमध्ये दिलेलं असतं, स्लज टनात, आणि फॉर्मवर मात्र टन किंवा घनमीटर. मग कोणीतरी २०० लिटरचा बॅरल बघतो आणि २०० किलो लिहितो. तेल पाण्यापेक्षा हलकं, भरलेल्या बॅरलमध्ये साधारण १८० किलोच असतं. एका बॅरलला २० किलो काही वाटत नाही, वर्षाच्या शेवटी पन्नास बॅरल झाले की एक टनाचा फरक दिसतो आणि मग तो एक टन कुठे गेला ते तुम्ही सांगत बसा.

स्लजचं उलटं. आमच्याकडे एका पावसाळ्यात स्लजच्या ड्रमांवर झाकणं नीट लावली नव्हती. मी ईटीपीच्या रजिस्टरवरून आकडा उचलला, वजन न करताच, दोन टन. माल घेणाऱ्याच्या वजनकाट्यावर भरले दोन टन सहाशे किलो. पाणीच सगळं. गाडी तिथे गेटवर उभी, ड्रायव्हर मला फोन करतोय, मी इकडे मालकाला समजावतोय की आपण पाण्याचे पैसे भरतोय, कारण डिस्पोजलचा रेट वजनावर असतो. तेव्हापासून गाडी भरायच्या आधी आमच्या कोपऱ्यावरच्या काट्यावर वजन करतो आणि काट्याची पावती पिवळ्या कॉपीला जोडतो.

दुसरी चूक, फिजिकल फॉर्म. सॉलिड, सेमी-सॉलिड, स्लज, ऑयली, टारी, स्लरी, लिक्विड असे पर्याय आहेत. फिल्टर प्रेसमधून निघालेला घट्ट केक आणि टाकीच्या तळाचा पातळ गाळ हे दोन्ही 'स्लज' लिहून मोकळे होतात लोक. पातळ माल असेल तर तसं लिहा, समोरच्याला तो लँडफिलमध्ये थेट टाकता येत नाही, आधी ट्रीटमेंट लागते.

तिसरी, घेणाऱ्याचा ऑथोरायझेशन नंबर. एकदा छापून आणलेलं पॅड तीन-चार वर्षं चालतं आणि मधल्या काळात त्याचं ऑथोरायझेशन संपून नवा नंबर आलेला असतो. ऑथोरायझेशन पाच वर्षांचं असतं, कधीतरी संपणारच. दरवर्षी एप्रिलमध्ये घेणाऱ्याकडून आणि ट्रान्सपोर्टरकडून त्यांच्या कागदांची ताजी झेरॉक्स मागून घ्या, मुदत कधी संपते ते पेनने वरच मोठं लिहून ठेवा.

आणि चौथी चूक, हिला मी तर गुन्हाच म्हणेन: कोऱ्या पॅडवर सह्या-शिक्के मारून पूर्ण पुस्तकच ट्रान्सपोर्टरच्या माणसाला देऊन ठेवायचं, 'तू भरून घे रे' म्हणून. त्या सहीच्या वर छापलेलं असतं की मालाचं वर्णन पूर्ण आणि बरोबर आहे, पॅकिंग-लेबल नीट आहे, हे मी जाहीर करतो. तुम्ही कोरा चेक देता का कोणाला? उद्या त्या कागदावर तो कोणाचा कुठला माल तुमच्या नावाने कुठे नेईल सांगता येत नाही.

गाडी आम्ही पाठवायची की त्यांनी? वाटेत काही झालं तर कोणाच्या गळ्यात?

नियम सांगतो की वाहतूक जो ठरवतो, म्हणजे पाठवणारा किंवा घेणारा, त्याच्याकडे वाहतुकीचं ऑथोरायझेशन पाहिजे आणि सुरक्षित पोचवायची जबाबदारीही त्याचीच, आणि हे मॅनिफेस्टवर स्पष्ट दिसलं पाहिजे. आपल्याकडे छोट्या युनिटचं साधारण असं चालतं की डिस्पोजलचा माल असेल तर टीएसडीएफवाले (घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो कायमचा पुरणारे) गाडी पाठवतात, तेल असेल तर रिसायकलर पाठवतो. तेच बरं पडतं. स्वतःचं वाहतुकीचं ऑथोरायझेशन काढायचा उद्योग चार ड्रमांसाठी कोणी करू नये असं माझं मत.

पण गाडी त्यांची म्हणून हात झटकता येत नाहीत. माल नीट पॅक करणं, लेबल लावणं, धोका काय आहे ते ट्रान्सपोर्टरला लेखी देणं हे तुमच्याकडेच राहतं, आणि चुकीच्या हाताळणीने कोणाचं नुकसान झालं तर भरपाईत पाठवणारा पण येतो.

आमचा स्वतःचा छोटा हत्ती आहे, त्यातून दोन ड्रम नेऊन टाकले तर?

नको. वरचं उत्तर परत वाचा. छोट्या हत्तीवर ऑथोरायझेशन नाही, ड्रायव्हरचं ट्रेनिंग नाही, आणि समोरचा टीएसडीएफवाला गेटच्या आत घेणार पण नाही.

ड्रायव्हरकडे काय काय पाहिजे?

मॅनिफेस्टच्या पाच कॉप्या, आणि ट्रेम कार्ड. ट्रेम कार्ड म्हणजे फॉर्म ९, यात कचरा कसला आहे, आग लागली तर काय करायचं, सांडलं तर काय टाकायचं, डोळ्यात गेलं तर काय, फोन कोणाला करायचा, हे सगळं. ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये राहायला पाहिजे, मागे ड्रमांच्या मध्ये नाही. लोक इंग्रजी कार्ड कुठूनतरी डाउनलोड करून देतात आणि ड्रायव्हरला त्यातलं अक्षर कळत नाही. कायद्याने धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला इंग्रजी आणि एक भारतीय भाषा वाचता-लिहिता आली पाहिजे, शिवाय वेगळं ट्रेनिंग घेतलेलं पाहिजे, हे मोटार वाहन नियमांच्या ९ नंबरात आहे, पण प्रत्यक्षात मी कार्डाच्या मागच्या बाजूला मराठी आणि हिंदीत चार ओळी हाताने लिहून देतो. 'हे ॲसिड आहे. पाणी ओतू नका, आधी लांब व्हा. माती टाका. या नंबरला फोन करा.' याला पाच मिनिटं लागतात.

गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे इमर्जन्सी माहितीचा फलक लागतो, त्यावर मालाचं नाव, धोक्याचा वर्ग, फोन नंबर. तो ट्रान्सपोर्टरचा विषय, पण गाडी भरायच्या आधी एक चक्कर मारून बघा. फलक नसलेली गाडी आली तर बाकीचे कागद पण नसणार असं समजून चालायचं.

ड्रमवर लेबल कसलं लावायचं?

फॉर्म ८. पिवळं फ्लोरोसंट, त्यावर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' असं लाल अक्षरात, इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्हीत. खाली नंबर, गुणधर्म, वजन, साठवायला सुरुवात केल्याची तारीख, तुमचा आणि घेणाऱ्याचा पत्ता-फोन. पाण्याने धुऊन जाणार नाही असं पाहिजे. साध्या कागदावर प्रिंट मारून सेलोटेप लावली की पहिल्या पावसात गेली. व्हिनाइलवर शंभर-दोनशे एकदम छापून घ्या, वजन आणि तारखेची जागा मार्करसाठी कोरी ठेवा.

त्या लेबलवर 'कशाबरोबर ठेवू नये' अशी एक ओळ असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. प्लेटिंगवाल्यांनी तरी सोडू नये. सायनाइडच्या बाथचा गाळ आणि ॲसिड एकाच गाडीत शेजारी शेजारी गेले आणि दोन्ही गळले तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, तो माणूस मारतो, आणि पहिला माणूस मागचं झाकण उघडायला जाणारा हमालच असतो.

कचरा किती दिवस ठेवता येतो? दोन ड्रमांसाठी गाडी येत नाही म्हणतात.

९० दिवस. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्या छोट्यांना बोर्ड हे १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. 'देऊ शकतं', म्हणजे अर्ज करून मागायचं, आपोआप मिळत नाही.

गाडी न येण्याचं दुखणं खरं आहे. त्यावर आमच्या इकडे काढलेला मार्ग असा की एकाच लेनमधले सहा-सात युनिटवाले मिळून तारीख ठरवतात आणि ट्रान्सपोर्टर एका फेरीत सगळ्यांचा माल उचलतो. पण प्रत्येकाचा मॅनिफेस्ट वेगळा, वजन वेगळं, लेबलं वेगळी. 'तुमच्याच नावावर टाका ना माझे दोन ड्रम' असं कोणी म्हटलं तर हसून नाही म्हणा. तुमच्या कन्सेंटमध्ये नसलेला माल तुमच्या नावावर गेला की शेजारधर्म अंगाशी येतो.

भंगारवाला तेलाचे चांगले पैसे देतो, रिसायकलर कमी देतो. त्यात काय वाईट?

वाईट हे की भंगारवाल्याकडे ऑथोरायझेशन नसतं, त्याच्याकडून निळी कॉपी येत नाही, आणि ते तेल पुढे भट्टीत जळतं की भेसळीत जातं ते तुम्हाला कळत नाही. कागदावर मात्र ते तेल अजून तुमच्याच शेडमध्ये पडून आहे. नवं तेल किती विकत घेतलं त्याची बिलं अकाउंट्समध्ये असतातच, त्यावरून वापरलेलं किती निघायला पाहिजे हा हिशोब कोणीही मांडू शकतो. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाला उत्पादकांच्या जबाबदारीचे वेगळे नियम लागू झालेत, त्यामुळे तेल कुठे जातं याच्यावरची नजर वाढलीय, कमी झालेली नाही.

माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर?

दोन वेगळे प्रकार. कायमचा डिस्पोज करायला पाठवताय तर दोन्ही राज्यांच्या बोर्डांची एनओसी लागते. रिसायकलिंगला किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवताय तर एनओसी नाही, पण माल गाडीत चढायच्या आधी दोन्ही बोर्डांना कळवायचं. आणि वाटेत तिसरं राज्य लागत असेल, नागपूरहून राजस्थानला माल निघाला की मध्य प्रदेश लागतो तसं, तर त्या राज्याच्या बोर्डालाही आधी कळवायचं. कोल्हापूर-सिंधुदुर्गवाल्यांनी हे नीट वाचावं, त्यांना बेळगाव किंवा गोवा पुण्यापेक्षा जवळ, पण जवळ असलं तरी ते दुसरं राज्य आणि करडी कॉपी लागणारच.

डिस्पोजलसाठी राज्यातल्या राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी इथे सोय आहे, त्यातलं तुम्हाला कुठलं लागू ते मेंबरशिप घेताना कळतं.

निळी कॉपी आलीच नाही तर?

फोन करा. मग मेल करा, मॅनिफेस्ट नंबर आणि तारीख टाकून. मग परत मेल करा. महिना झाला तरी नाही आली तर मी बोर्डाच्या आपल्या उपप्रादेशिक कार्यालयाला एक साधं पत्र देतो की अमुक तारखेला माल गेला, पोच आली नाही, आणि त्या पत्राच्या कॉपीवर पोच घेतो. असं पत्र दिल्याने आपणच संशयात येऊ असं वाटतं लोकांना. उलट आहे. कचरा मध्येच कुठल्या ओढ्यात ओतलेला सापडला आणि ड्रमवर तुमचं लेबल निघालं, तर ते पत्र हाच एक कागद तुमच्या बाजूने बोलणार. पत्र त्याच्या आधीच्या तारखेचं पाहिजे, नाहीतर वरातीमागून घोडं.

एकदा आमच्या सलग तीन निळ्या आल्या नाहीत. शेवटी कळलं की त्यांच्याकडे माणूस बदलला होता आणि नव्याने सगळ्या निळ्या एका खोक्यात साठवल्या होत्या, 'कोणी मागायला आलं की देऊ' म्हणून.

वाटेत गाडी उलटली किंवा ड्रम फुटला तर?

ड्रायव्हरने लगेच जवळच्या पोलीस स्टेशनला आणि गाडीच्या मालकाला कळवायचं. तुम्हाला कळल्या कळल्या बोर्डाला फोन आणि मेल, मग फॉर्म ११ मध्ये रिपोर्ट. आधी वकील, मग बोर्ड, असं करू नका.

बॅटऱ्या, जुने कॉम्प्युटर, ट्यूबलाइट हे पण याच मॅनिफेस्टवर टाकू का?

नाही. ई-वेस्ट आणि बॅटऱ्यांना २०२२ चे वेगळे नियम आहेत, दवाखान्याच्या कचऱ्याला २०१६ चे वेगळे. त्यांचे कागद वेगळे, घेणारे वेगळे.

वर्षाच्या शेवटी काय भरायचं?

फॉर्म ४, वार्षिक रिटर्न, एप्रिल ते मार्चचा, ३० जूनच्या आत. आणि रोजची नोंद फॉर्म ३ च्या रजिस्टरमध्ये. रिटर्नमधली बेरीज आणि निळ्या कॉप्यांची बेरीज जुळली पाहिजे, शिवाय ३० सप्टेंबरला जे पर्यावरण विवरण भरता, फॉर्म ५, त्यातला आकडा पण तोच पाहिजे. दोन वेगळे कन्सल्टंट दोन वेगळे आकडे भरतात आणि दोन्हीवर सही मालकाची. मी बघितलेल्या नोटिसांतल्या बऱ्याच अशा नुसत्या न जुळणाऱ्या आकड्यांच्या होत्या, कचरा सगळा नीट गेलेला असूनही.

मॅनिफेस्ट नसेल तर होतं काय? जेल?

पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्याने ती बदलली आणि १ एप्रिल २०२४ पासून दंड आहे, दहा हजार ते पंधरा लाख, आणि चूक चालूच ठेवली तर रोजचे दहा हजार वर. शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी, आणि कन्सेंट रिन्यूअलला घोडं अडतं ते वेगळं. 'जेल गेली म्हणजे सुटलो' म्हणणाऱ्या एका शेजाऱ्याला मी पंधरा लाखात त्याचा गाळा किती येतो ते विचारलं होतं.

जुने मॅनिफेस्ट किती वर्षं ठेवायचे?

मी काहीच टाकत नाही. निदान चालू ऑथोरायझेशनची पाच वर्षं आणि त्याच्या आधीची पाच एवढं तरी ठेवा. कार्बन कॉपीची शाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवा, पण मूळ कागद टाकू नका.

युनिट बंद करून गाळा विकतोय. टाकीच्या तळाला थोडा गाळ आणि दहा-बारा ड्रम आहेत, ते गाळा विकत घेणाऱ्याला सांगून तसेच दिले तर?

नियमांत ज्याच्या ताब्यात कचरा तोही जबाबदार धरला जातो, म्हणजे गाळा घेणाऱ्याच्या गळ्यात ते पडणार, आणि त्याला हे कळलं की तो तुमच्या मागे लागणार. आमच्याच लेनमध्ये एका नव्या मालकाला मागच्या भिंतीआड चौदा ड्रम सापडले, लेबल एकावरही नाही. आत काय आहे हे माहीत नाही म्हटल्यावर कोणी उचलेना, आधी सँपल, मग लॅबचा रिपोर्ट, मग कॅटेगरी, मग मॅनिफेस्ट, यात आठ महिने गेले आणि तोपर्यंत त्याने त्या भिंतीपाशी एक चौकीदार बसवून ठेवला होता. तुमचं कन्सेंट चालू आहे तोवर, तुमच्याच नावाने, शेवटची एक गाडी बोलवा. निळी कॉपी हातात आली की मग चावी द्या.